थॅडियस स्टीव्हन्स आणि १८२१ ची ती केस : गुलामगिरीचा कर्दनकाळ आधी मालकाचा वकील होता

काळा कोट

मंडळी, कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागलीय, आंबे खाऊन झालेत, त्यामुळे बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. लांब झाला तर सांभाळून घ्या.

अमेरिकेतला वकील-पुढारी म्हटलं की आपल्याकडे गाडी लिंकनवर थांबते. तेही बहुतेक वेळा मुख्याध्यापकांना लिहिलेल्या त्या फ्रेममधल्या पत्रावर, ज्याचा लिंकनच्या कागदपत्रांत कुठे पत्ता नाही. मला बोलायचंय त्याच काळातल्या दुसऱ्या एका वकिलाबद्दल. थॅडियस स्टीव्हन्स.

जन्म १७९२, व्हरमाँट राज्यातलं डॅनव्हिल. एक पाय जन्मतः वाकडा. बाप चांभारकाम करायचा, दारूत बुडालेला, एक दिवस घर सोडून गेला तो गेलाच. आई सॅली, चार पोरं पदरात, पण या लंगड्या पोराला शिकवायचंच म्हणून बिऱ्हाड उचलून शाळा असलेल्या गावी, पीचमला गेली. पोरगा डार्टमथ कॉलेजातून १८१४ ला पदवीधर झाला, मग पेनसिल्वेनियात यॉर्कला मास्तरकी करता करता कायदा वाचायला लागला. तिथल्या वकीलमंडळींनी नियम दाखवला की कायदा शिकताना दुसरा धंदा केलेल्याला सनद नाही. हा पठ्ठ्या घोड्यावर बसून शेजारच्या मेरीलँड राज्यात बेल एअरला गेला आणि १८१६ मध्ये तिथे परीक्षा दिली. परीक्षा म्हणजे काय, तर दोनचार प्रश्न आणि परीक्षकांसाठी मदेरा वाईनच्या बाटल्या. (मदेरा हे बेटाचं नाव, आपल्या मदिरेशी संबंध नाही, पण परिणाम तोच.) मग गेटिसबर्गला ऑफिस थाटलं. हो, तेच गेटिसबर्ग, उत्तर-दक्षिण यादवी युद्धातल्या लढाईला अजून ४७ वर्षं होती.

आता मुद्द्याची केस. पेनसिल्वेनियात १७८० चा कायदा होता, त्यात दुसऱ्या राज्यातल्या मालकाने आपला गुलाम इथे आणून सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर तो गुलाम मोकळा. चॅरिटी बटलर नावाची बाई, मालक मेरीलँडचा. तिचं म्हणणं असं की मला कामासाठी वेळोवेळी पेनसिल्वेनियात नेलं, ते सगळे दिवस मोजले तर सहा महिन्यांच्या वर भरतात, म्हणून मी आणि माझी मुलं मोकळी. समोरून, म्हणजे मालकाच्या बाजूने, २९ वर्षांचा स्टीव्हन्स. त्याचा मुद्दा, सहा महिने सलग पाहिजेत, तुकडे जोडून चालणार नाहीत. कोर्टाने मान्य केलं. १८२१. बाई मुलांसकट परत गुलामीत.

आणि हाच माणूस ४० वर्षांनी अमेरिकन संसदेत गुलामगिरी कायमची बंद करणाऱ्या १३ व्या घटनादुरुस्तीसाठी आणि कायद्यापुढे समानता सांगणाऱ्या १४ व्या दुरुस्तीसाठी आघाडीवर. दक्षिणेत त्याचं नाव घेऊन थुंकायचे.

आता मी गेली २२ वर्षं जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो. मला "तो नंतर किती मोठा झाला" हे वाचून बरं वाटत नाही, मला ती "सलग" शब्दाची युक्ती सतावते. कारण खरं सांगू का, वकील म्हणून ती युक्ती चांगली आहे. मीही तीच काढली असती.

तुम्हाला काय वाटतं?

उंडगा पक्षी

भारी धागा. वाचनखूण साठवली.

नाव ऐकलं होतं ते २०१२ मध्ये लिंकनवर आलेल्या सिनेमामुळे, त्यातला तो खडूस विगवाला म्हातारा. ही केस मात्र अजिबात माहीत नव्हती.

शंकासुर

यात सतावण्यासारखं काय आहे? वकील अशीलाचं काम करतो. खुन्याचा बचाव करणारा वकील खुनी होत नाही. याच स्टीव्हन्सने सुरुवातीला एका खुनाच्या आरोपीचा बचाव वेडाच्या मुद्द्यावर केला होता, हरला, पण त्या केसनेच त्याचं नाव झालं. तेव्हा कोणी त्याला विचारलं का की बाबा तुझा विवेक कुठे गेला? उगाच मागे जाऊन आजच्या फूटपट्टीने मोजायचं.

काळा कोट

@शंकासुर, आरोपीचा बचाव वेगळा हो. तिथे समोर सरकार असतं, आख्खं पोलीस खातं असतं, आरोपीच्या बाजूने कोणीतरी उभं राहिलंच पाहिजे. इथे समोर एक बाई आणि तिची पोरं. आणि ही दिवाणी केस, सोडता येत होती. पेनसिल्वेनियातले काही वकील तेव्हा गुलामांच्या बाजूने फुकट लढायचे, म्हणजे "आजची फूटपट्टी" त्या काळातही बाजारात होती, फक्त याने ती विकत घेतली नव्हती.

तिखटमीठ

"फूटपट्टी बाजारात होती" 😄 घेतलं बाजूला लिहून.

पण मग बदल झाला कधी? अचानक साक्षात्कार वगैरे?

काळा कोट

साक्षात्काराची तारीख कोणी लिहून ठेवलेली नाही. पण दोन वर्षांनी, ४ जुलै १८२३ ला, स्वातंत्र्यदिनाच्या जेवणात त्याने पेला उंचावला तो असा की पुढचा राष्ट्राध्यक्ष असा असो ज्याने कधी कुणा माणसाच्या पायात बेडी ठोकली नाही. म्हणजे काहीतरी हललं होतं. नंतर तो पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने केसेस घ्यायला लागला. अजून एक गोष्ट सांगतात, की कायद्याची पुस्तकं घ्यायला बाल्टिमोरला निघाला होता, वाटेत खानावळीत एका गुलामाची बायकापोरांपासून ताटातूट होऊन विक्री होणार होती, तर पुस्तकांचे पैसे देऊन त्याला सोडवलं आणि रिकाम्या हाताने घरी आला.

शंकासुर

ही पुस्तकांच्या पैशांची गोष्ट मला फार गोड वाटते. प्रत्येक थोर माणसाच्या चरित्रात अशी एक असतेच, आपल्याकडेही कमी नाहीत. मी ती हिशोबात धरत नाही. १८२३ चा पेला धरतो.

आणि त्याची पहिली मोठी राजकीय लढाई गुलामगिरीविरुद्ध नव्हतीच, ती फ्रीमेसन लोकांविरुद्ध होती! १८३३ ला राज्याच्या विधानसभेत निवडून आला तो मेसनविरोधी पक्षातून. गुप्त मंडळं, गुप्त शपथा, आपापल्या लोकांना नोकऱ्या आणि निकाल, यावर त्याचा भयंकर राग. त्यांना चौकशीला ओढलं, त्यातून शेवटी हसं त्याचंच झालं. म्हणजे माणूस मुळात भांडखोर होता, चांगलं भांडण सापडेपर्यंत मिळेल ते भांडण घेत होता असं माझं मत.

बाराखडी

मी शाळेत शिकवते त्यामुळे माझा स्टीव्हन्स वेगळा आहे, थोडं लांब लिहिते.

१८३४ ला पेनसिल्वेनियाने सगळ्यांसाठी मोफत शाळांचा कायदा केला. पास सहज झाला आणि मग कराचा आकडा कळल्यावर लोक पेटले. मला मूल नाही, मी का भरू? माझं मूल खाजगीत जातं, मी का भरू? १८३५ ला कायदा रद्द करायचं घाटलं, वरच्या सभागृहाने रद्दच्या बाजूने मत दिलंसुद्धा. ११ एप्रिलला खालच्या सभागृहात स्टीव्हन्स उभा राहिला. त्याचा मुद्दा बघा किती साधा. म्हणाला, हाच कष्टाळू शेतकरी फौजदारी कोर्टासाठी आणि तुरुंगासाठी खुशाल कर भरतो, त्याला स्वतःला कधी तुरुंगाचा उपयोग होणारे का? मग गुन्हे होऊच नयेत म्हणून जी शाळा, तिला द्यायला का रडतो?

कायदा वाचला. भाषण लोकांनी रेशमी कापडावर छापून त्याला भेट दिलं.

पण मला त्यातलं दुसरंच वाक्य लागलं. आधीचा जो नियम होता त्यात गरिबाच्या मुलाला फुकट शिक्षण होतं, फक्त बापाने आधी "मी कंगाल आहे" असं जाहीर करायचं. स्टीव्हन्स म्हणाला, त्या कायद्याचं खरं नाव "गरिबांना डाग देऊन ओळखू येतील असं करण्याचा कायदा" असं पाहिजे.

मी पाचवीत असताना आमचे सर वर्षातून एकदा वर्गात यायचे आणि म्हणायचे, "फी माफीवाले उभे राहा." आम्ही सात जणी उभ्या राहायचो. सर वाईट नव्हते, त्यांना यादी करायची होती. पण माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळून मोजायची, एक, दोन, तीन... मला तिचं ते बोट अजून दिसतं. म्हणून हा माणूस मला चॅरिटी बटलरसकट जवळचा वाटतो, काय करू.

आणि त्याने हे आईसाठी केलं असं मला वाटतं. पैसे आल्यावर त्याने आईला २५० एकरांचं शेत आणि १४ गाई घेऊन दिल्या होत्या, शिवाय अधूनमधून एखादं सोन्याचं नाणं, जे ती चर्चच्या पेटीत टाकायची.

तिखटमीठ

@बाराखडी, ते बोट 😔

मेतकूट भात

मी हॅरिसबर्गजवळ, म्हणजे पेनसिल्वेनियाच्या राजधानीजवळ राहते, तर थोडं स्थानिक.

आधी गंमत. १८३८ च्या निवडणुकीत दोन्ही पक्ष म्हणायला लागले आम्हीच जिंकलो, दोन-दोन सभापती निवडले, जमाव विधानभवनात घुसला, सैन्य बोलवावं लागलं. याला इथे "छर्ऱ्यांची लढाई" म्हणतात, कारण सैनिकांना बंदुकीत छर्रे भरायला सांगितलेले. त्यात आपले स्टीव्हन्स साहेब वाकड्या पायानिशी मागच्या खिडकीतून उडी मारून पळाले. आपल्याकडच्या पुढाऱ्यांचं रिसॉर्ट वगैरे नंतर बघू, आधी ही खिडकी.

१८४२ मध्ये लँकेस्टरला आला, लोखंडाच्या भट्टीच्या धंद्यात बुडून डोक्यावर प्रचंड कर्ज झालेलं, वकिली करून फेडलं. तिथेच लिडिया हॅमिल्टन स्मिथ. मिश्रवर्णी विधवा, त्याचं घर वीसेक वर्षं तिने सांभाळलं, तो शेवटपर्यंत अविवाहित. लोक काय काय बोलायचे ते सांगायला नको. पण तो तिला चारचौघांत "मिसेस स्मिथ" म्हणायचा, त्या काळात काळ्या बाईला "मिसेस" लावणं हीच बातमी होती. पुढे तिने स्वतःच्या नावावर मालमत्ता घेतली, बोर्डिंग हाऊस चालवलं. तिच्यावर वेगळा धागा हवा खरं तर.

लँकेस्टरच्या साऊथ क्वीन स्ट्रीटवर त्याचं घर आहे, आता मोठ्या कन्व्हेन्शन सेंटरच्या पोटात घेतलंय. मागच्या अंगणात उत्खननात पाण्याची जुनी टाकी सापडली, तिथे पळून आलेल्या गुलामांना लपवत असावेत असा अभ्यासकांचा कयास आहे.

काळा कोट

मेतकूट ताई, मस्त माहिती. याच काळातली क्रिस्टियानाची केस सांगतो, वकिलीच्या अंगाने ती १८२१ च्या बरोबर उलटी आहे.

१८५० चा पळपुट्या गुलामांचा कायदा आला, त्यानुसार उत्तरेतल्या नागरिकालाही पकडायला मदत करणं भाग. सप्टेंबर १८५१ ला मेरीलँडचा एक मालक, एडवर्ड गॉर्सच, आपले गुलाम धरायला लँकेस्टरजवळ क्रिस्टियानाला आला. तिथल्या काळ्या लोकांनी विल्यम पार्करच्या घरातून प्रतिकार केला, मालक मारला गेला. सरकारने खून नाही, थेट देशद्रोह लावला! पहिला खटला कॅस्टनर हॅनवे या गोऱ्या गिरणीवाल्यावर, त्याचा गुन्हा काय तर मदत करायला नकार दिला. खटला फिलाडेल्फियात, ज्या इमारतीत स्वातंत्र्याचा जाहीरनामा सही झाला तिथेच. बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स. ज्युरी पंधरा मिनिटांत बाहेर, निर्दोष.

३० वर्षांत मेरीलँडच्या मालकाच्या बाजूपासून मेरीलँडच्या मालकाच्या विरुद्ध बाजूपर्यंत. काठी तीच, कायद्याचा शब्द धरून बसायची.

आडवाटेचा

त्याच्या जिभेबद्दल कोणीच लिहीना? सायमन कॅमेरॉनचा किस्सा तर पाहिजेच. कॅमेरॉन पेनसिल्वेनियाचाच, लिंकनचा युद्धमंत्री, हात जरा लांब म्हणून प्रसिद्ध. लिंकनने विचारलं, माणूस कसा आहे? स्टीव्हन्स म्हणाला, "लालबुंद तापलेली शेगडी काही तो चोरणार नाही." लिंकनने हसत हसत ते कॅमेरॉनलाच सांगितलं, कॅमेरॉन भडकला, शब्द मागे घे म्हणाला. स्टीव्हन्स परत लिंकनकडे, "मी म्हणालो होतो तो तापलेली शेगडी चोरणार नाही. ते विधान मी मागे घेतो."

🤣 दरवेळी हसतो मी.

तिखटमीठ

आणि विग! एक बाई आठवण म्हणून केसांची बट मागायला आली तर त्याने अख्खा विग काढून हातात दिला म्हणतात.

शंकासुर

किस्से झाले असतील तर एक दुरुस्ती. धागाकर्त्याने १४ वी दुरुस्ती स्टीव्हन्सच्या खात्यावर टाकलीय. त्यातलं पहिलं कलम, "कायद्याचं समान संरक्षण" वालं, मुख्यतः ओहायोच्या जॉन बिंगहॅमचं. स्टीव्हन्स संसदेच्या, युद्धानंतर दक्षिणेची घडी बसवणाऱ्या पुनर्रचनेच्या संयुक्त समितीतला दादा माणूस, सभागृहातून गाडा ओढणारा. श्रेय वाटून द्या.

काळा कोट

मान्य, दुरुस्ती बरोबर आहे. तेच शब्द पुढे आपल्या घटनेच्या अनुच्छेद १४ मध्ये आले, आकडाही योगायोगाने तोच, आम्ही आठवड्यातून दोनदा तरी कोर्टात म्हणतो ते. त्यामुळेच मी या माणसापर्यंत पोचलो.

पण १३ जून १८६६ चं स्टीव्हन्सचं भाषण वाचा. त्याला काळ्यांना सरळ मतदानाचा हक्क हवा होता, दुरुस्तीत तो नव्हता, आडवळणाने होता. म्हणाला, माझं स्वप्न विरून गेलं, तरी मी हे अपुरं स्वीकारतोय, का, तर मी देवदूतांत नाही, माणसांत राहतो. जो माणूस १८३८ च्या राज्यघटनेवर, त्यात मतदानाला "गोरा" हा शब्द घातला म्हणून, सही करायला नाही म्हणाला होता, त्याने ७४ व्या वर्षी अर्धी भाकरी घेतली.

आडवाटेचा

आणि जमिनीचं? मला तर तिथे त्याचा सगळ्यात मोठा पराभव वाटतो. सप्टेंबर १८६५, लँकेस्टरचं भाषण. बंडखोर दक्षिणेतल्या बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करा, हिशोबाने ते फक्त ७० हजार लोक होते, आणि मोकळ्या झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या. नाहीतर कागदावर मोकळा आणि पोटाला परत त्याच मालकाच्या दारात. स्वतःच्या पक्षानेच ऐकलं नाही. लोक म्हणतील सूड घेत होता, कारण १८६३ ला दक्षिणेच्या जनरल अर्लीने त्याची कॅलेडोनियाची लोखंडाची भट्टी मुद्दाम जाळली होती. पण जमीन नाही मिळाली तर काय होतं हे कसेल त्याची जमीन म्हणणाऱ्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

उंडगा पक्षी

जाता जाता, महात्मा फुल्यांनी १८७३ ला "गुलामगिरी" अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केलं म्हणून. नाव कुणाचंच घेतलेलं नाही त्यात. पण ३१ जानेवारी १८६५ ला १३ वी दुरुस्ती ११९ विरुद्ध ५६ ने पास करणारे जे हात वर झाले, त्यात हा एक होता. पुण्यात बसून कोणीतरी त्यांची नोंद घेत होतं हे वाचून अंगावर काटा आला.

मेतकूट भात

आता कबरीबद्दल लिहिते, नाहीतर राहून जाईल.

शेवटच्या वर्षी तो इतका खंगला होता की राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनवरच्या महाभियोगाला त्याला खुर्चीत बसवून दोन काळे तरुण उचलून न्यायचे. मे १८६८ ला एका मताने महाभियोग पडला, ३५ विरुद्ध १९, दोन-तृतीयांशाला ३६ हवी होती. ११ ऑगस्टला गेला. पार्थिव कॅपिटॉलच्या घुमटाखाली ठेवलं होतं. आणि लँकेस्टरच्या रिपब्लिकनांनी मेल्यावरसुद्धा त्यालाच उमेदवारी दिली, मानाची.

मागच्या ऑक्टोबरमध्ये लेकीला घेऊन गेले होते. वेस्ट चेस्टनट आणि मलबेरी स्ट्रीटचा कोपरा, श्राईनर्स स्मशानभूमी, एवढीशी, चारी बाजूंनी घरं. फाटकापाशी कोणाची तरी सायकल टेकवलेली. लेक नववीत आहे, तिने कोरलेली अक्षरं बोटाने पुसत मोठ्याने वाचली. माझ्या मराठीत साधारण असं : मी या शांत, बाजूच्या जागी विसावलो आहे ते मला एकांताची आवड आहे म्हणून नव्हे. इतर स्मशानांच्या नियमांत वंशाची अट दिसली, म्हणून ही जागा निवडली, म्हणजे आयुष्यभर जे तत्त्व सांगितलं ते मरणातही दाखवता येईल, निर्मात्यापुढे माणसाची समानता.

लेक म्हणाली, "आई, म्हणजे तो मेल्यावर पण आर्ग्यू करतोय."

बाराखडी

ताई, हे वाचून पाच मिनिटं काही सुचलं नाही. आमच्या गावात अजून दोन स्मशानं आहेत, मधे ओढा. कोणी नियम लिहिलेला नाही, सगळ्यांना माहीत आहे.

शंकासुर

+१. इथे वाद घालत नाही.

तरी मूळ प्रश्नावर येतो. @काळा कोट, तुम्ही धागा काढलात तो इतिहासासाठी नाही असं मला पहिल्यापासून वाटतंय. "मीही तीच काढली असती" या वाक्यात काहीतरी अडकलंय.

काळा कोट

पकडलंत.

नावगाव काही लिहीत नाही, तपशीलही थोडे बदललेत. एक मॅटर आहे. भाऊ माझा अशील. बहिणीने बऱ्याच वर्षांपूर्वी हक्कसोडपत्रावर सही केली, आता म्हणते मला सोसायटीच्या कर्जाचे कागद म्हणून सही घेतली. माझा अनुभव सांगतो बाई खरं बोलतेय. पण तिला फसवणूक कळली कधी, तिथपासून तीन वर्षांची मुदत, आणि तिच्याच एका जुन्या अर्जात एक वाक्य आहे ज्यावरून ते आधीच कळलं होतं असं दाखवता येतं. मुदतीचा मुद्दा. "सलग" सारखाच, एका शब्दाचा. सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात बोर्डावर आहे.

तिखटमीठ

अहो जपून लिहा, अशील मराठी वाचतो ना.

आडवाटेचा

सोडून द्या केस.

शंकासुर

का सोडायची? तुम्ही सोडली तर दुसरा घेईल आणि तोच मुद्दा मांडेल. १८२१ ला स्टीव्हन्स नसता तर गेटिसबर्गात दुसरा वकील नव्हता का?

बाराखडी

दुसरा मांडेल हे खरंच. पण मग १८२३ चा पेला पण दुसऱ्यानेच उचलायचा का?

उंडगा पक्षी

धागा वर काढतोय. @काळा कोट, कोर्ट उघडलं ना? काय झालं?

काळा कोट

झालं हिअरिंग. आधी अशीलाला दोनदा बसवून सांगितलं, बहिणीला काहीतरी देऊन मिटवा, मी कागद करतो, फी नको. ऐकलं नाही. मग मुद्दा कैफियतीत लेखी आलेलाच होता, तो मांडला. पाऊण तास युक्तिवाद. बाई मागच्या बाकावर बसली होती, मांडीवर डब्याची पिशवी, मी तिच्या जुन्या अर्जातलं वाक्य वाचत होतो तेव्हा ती ओठ हलवून माझ्याबरोबर म्हणत होती, पाठ झालं असावं. निकाल राखून ठेवलाय.

मेतकूट भात

तिचा वकील कोण होता?

काळा कोट

माझीच जुनी ज्युनिअर. दोन वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसातून बाहेर पडली. चांगली लढली पोरगी. मुदतीवर तिने जे दोन निवाडे दाखवले ते मीच तिला शिकवलेले.